पुढची सीट

लग्न ठरण्याआधी दोघांनी भेटायचं तर सोबत कोणीतरी मोठं माणूस हवं, असं आईने फोनवर बजावलं तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते आणि कुवेतमध्ये नर्स म्हणून पंधरा वर्षं काढली होती. तरी मी मुकाट्याने हो म्हटलं. पण इथे मोठं माणूस आणायचं कुठून? शेवटी आमच्या सोबतीला मिळाली ती, ज्यांना भेटायचं त्यांचीच अकरा वर्षांची मुलगी, आणि तिने असा पहारा केला की एखादी खाष्ट आत्याबाई परवडली असती.

हे गृहस्थ आमच्या हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. आमच्या वॉर्डातला एक मॉनिटर त्यांच्या हातून कधी पुरता दुरुस्त झालाच नाही. दर आठवड्याला यायचे, दोन स्क्रू पिळायचे आणि अर्धा तास चहा पीत बसायचे. मला आवडले. या वयात कोणी आवडायचं म्हणजे लाजच वाटली, पण आवडले. "मुलगी हो म्हणाली तरच," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. आणि मुलगी मला "सिस्टर" म्हणायची, जणू मी तिच्या घरी इंजेक्शन द्यायला आले होते.

दर शुक्रवारी दोघं रिग्गईच्या घरून निघायची, मला हॉस्टेलवरून घ्यायची आणि आम्ही अबू हलीफाला समुद्रावर जायचो. मुलगी पुढे, पप्पांच्या शेजारी. मी मागे, टॅक्सीतल्या गिऱ्हाइकासारखी. आमचं जे काही प्रेम होतं ते आरशातून चालायचं. ते आरशात बघायचे, मीही बघायचे, की लगेच हिचा हात वर. आरसा स्वतःकडे वळवून ही केस नीट करायची. मी मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत, तेही एका शब्दाचं. एकदा मी पहाटे उठून घावणे करून नेले. तिने चार खाल्ले आणि म्हणाली, "नाइस. मम्मीज वेअर थिनर." मी मनातल्या मनात तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

मे महिन्यात तिला ताप आला, तो काही उतरेना. रक्त तपासायला ते तिला आमच्याकडेच घेऊन आले. लहान मुलांचं रक्त काढायचं असलं की सगळा वॉर्ड मलाच हाक मारतो, एवढा माझा हात हलका. त्या दिवशी मात्र शीर हुकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं, मी म्हटलं, मोडलं लग्न.

"काही नाही हं बाळा," तिचे पप्पा घाईघाईने म्हणाले, "आता अजिबात दुखणार नाही."

"दुखेल," मी म्हणाले. मला स्वतःचाच राग आला होता. "माझी चूक झाली. आता दुसऱ्या हाताला टोचावं लागेल, आणि परत दुखेल."

ती माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलली, "मम्मीच्या वेळी सगळ्या सिस्टर म्हणायच्या, काही होणार नाही." आणि दुसरा हात पुढे केला.

या वेळी शीर नीट मिळाली. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट आला, ताप साधाच होता.

माझी ड्यूटी संपेपर्यंत दोघं खाली थांबली होती. मी सवयीने गाडीचं मागचं दार उघडलं, तर ती माझ्या आधी आत सरकून बसली आणि शेजारची जागा हाताने थोपटली. मी बसले.

"अगं, मग पुढे कोण बसणार?" तिच्या पप्पांनी विचारलं.

"कोणी नाही. ती मम्मीची सीट आहे. मी फक्त धरून ठेवली होती."

त्यांनी आरसा आमच्या दोघींकडे वळवला आणि गाडी सुरू केली. मी खिडकीबाहेर बघत डोळे पुसले.

आता लग्नाला दोन वर्षं झाली. आम्ही दोघी अजून मागेच बसतो, ती मला अजून सिस्टरच म्हणते, आणि लोक त्यांना आमचा ड्रायव्हर समजतात. समजू देत.