तुकडीत माणसं किती?

वडील कामाला होते तो कारखाना बंद पडला आणि आई कुसगावच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागली. तीन वर्षं आम्ही पोटभर जेवलो ते फक्त शनिवार-रविवार. तेव्हा पर्यटक यायचे आणि उरलेला भात आई पिशवीतून घरी आणायची. हे मी कधी लपवलं नाही. लाज त्यांना वाटावी, ज्यांनी ते माझ्या तोंडावर काढलं.

काढलं आमच्या कॉलेजातल्या सरांनी. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी विषय मागितला होता, अमेरिकेतल्या यादवी युद्धात फौजांच्या डिव्हिजन कशा बांधल्या होत्या.

"कुसगावात बसून अमेरिकेच्या फौजा मोजणार?" सर भर वर्गात म्हणाले. "त्यापेक्षा आईच्या हॉटेलातल्या ताटल्या मोज."

वर्ग हसला. मीही दात दाखवले. मनात मात्र गाठ मारून ठेवली.

विषय मिळाला, पण सरांच्या पुस्तकातला तक्ता पाया म्हणून धरायचा या अटीवर. तक्त्यात उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंच्या डिव्हिजन मोजल्या होत्या आणि खाली ठोकून दिलं होतं की ज्याच्या डिव्हिजन दुप्पट, त्याची फौज दुप्पट. तो उतरवताना मी डिव्हिजनला 'तुकडी' लिहिलं. आई शेजारी मेथी निवडत होती, तिला वाचून दाखवलं.

"तुकडी म्हंजी तुज्या शाळंत व्हती तशी?"

"तशीच म्हण."

"मग एकेकीत माणसं किती त्ये सांग की. तुज्या ड तुकडीत पोरी मांडीला मांडी लावून बसायच्या, अन् अ तुकडीत बाकडी रिकामी. तुजा सर कवा ड तुकडीत बसला न्हाई वाटतं!"

मी तक्ता बाजूला सारला. पुढचे चार महिने पुण्याच्या ग्रंथालयात खेपा घातल्या. आईचंच खरं निघालं. दक्षिणेकडच्या एका डिव्हिजनमध्ये बहुधा चार-पाच ब्रिगेड, म्हणजे तिच्या पोटातली पथकं, असायच्या, उत्तरेकडच्या डिव्हिजनमध्ये दोन-तीन. उत्तरेत डिव्हिजनला आकडा, दक्षिणेत तिच्या सेनापतीचं नाव. सरांनी नुसत्या पाट्या मोजल्या होत्या.

रीतीनं हे आधी सरांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी गुपचूप दुरुस्त केलं असतं आणि वर श्रेयही घेतलं असतं. म्हणून नाही सांगितलं. अटीप्रमाणे त्यांचा तक्ता सुरुवातीला दिला आणि पुढचं अख्खं प्रकरण तो खोडण्यात घालवलं. सर न वाचताच सह्या करतात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुमच्या मार्गदर्शकांचा तक्ता चुकीचा आहे, असं लिहिलंय तुम्ही?"

"हो, मॅडम."

सर खुर्चीतून अर्धे उठले. "हे मला दाखवलं नव्हतंस तू!"

"दाखवलं, सर. प्रकरणाच्या शेवटी तुमची सही आहे."

बाईंनी पान उलटून सही पाहिली, मग सरांकडे पाहिलं. सर खाली बसले. ते बसणं मी डोळे भरून पाहिलं.

"जाऊ दे आता," घरी सगळं ऐकून आई म्हणाली. "त्येचं बी वय झालंया."

मी नाही जाऊ दिलं. सरांच्या पुस्तकाच्या प्रकाशकाला ते प्रकरण पत्रासोबत पाठवलं. उत्तर यायला वर्ष लागलं.

मी एम.ए. पहिल्या वर्गात पास झाले, आणि सरांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत तो तक्ता नाही.