अकराव्या प्रश्नाची मिनिटं

“‘जरा’ नको बोलूस गो रुपे. ‘जरा’चा रकानाच नाय यात.”

“मंग ‘जास्त’ लिव.”

“‘जास्त’चाबी नाय. मिनटा पायजेत. सकाळी उठल्यावर तुजी बोटां किती मिनटा आकडलेली रातात?”

“मिनटा सांगाया मी काय यष्टीची कंडक्टर हाय?”

जनानं पेन खाली ठेवलं.

जना सिद्धगडाच्या पायथ्याच्या वस्तीतली. वय सेहेचाळीस, शिक्षण नववी, त्यातलं गणित सोडून. तीन वर्षांपूर्वी वस्तीत चिकुनगुन्या आला. त्या नावानं त्याला कुणी हाक मारली नाही. ‘वाकडा ताप’ म्हणाले, कारण माणूस त्यातून उठला तो वाकडाच उठला. ताप आठवड्यात गेला, सांध्यांचं दुखणं मागं राहिलं. हा विषाणू गेल्यावर अंगात काय ठेवून जातो, आणि किती वर्षं, याचा अभ्यास करायला शहापूरहून डॉक्टरांचं एक पथक येऊ लागलं. दर तीन महिन्यांनी बावीस प्रश्न. ते विचारायचं काम जनाकडं आलं, कारण पथकानं विचारलं की वस्ती एका सुरात “बरा हाय” म्हणायची आणि चहा ठेवायची.

अकरावा प्रश्न या आखडलेल्या बोटांचा. त्याच्यापुढं जनानं दोन फेऱ्या इमानदारीत ‘जरा’ लिहिलं. लोक तेच सांगत होते. कार्यालयातल्या संगणकाला ‘जरा’ कळत नव्हतं. त्यानं शून्य धरलं.

मग मागच्या आठवड्यात पथकातल्या सुयोग डॉक्टरचा फोन आला.

“मावशी, अभिनंदन. तुमची वस्ती बरी झाली.”

“कोन बोलला?”

“आकडे बोलतात. या फेरीतही शून्य आलं तर वस्ती यादीतून निघेल.”

वस्ती यादीतून निघाली की तीन महिन्यांनी येणारी सांध्यांची डॉक्टरीण बंद, तिच्या गोळ्याही बंद. जनानं हे घरोघर सांगितलं. लोकांना बरं झाल्याची बातमी अशीच कळली.

रुपानं परात पुढं ओढली. “मिनटा मला नाय म्हाईत. पयली भाकर फाटते, ती कुत्र्याला. दुसरी वाकडी व्हते, ती आमच्या मानसाला. तो काय बगत नाय. तिसरी गोल येते. तवर बोटां सुटतात.”

जनानं रकान्यात लिहिलं : दोन भाकरी.

मग तिनं प्रश्नच बदलला. भाकरी किती वाया जातात, एवढंच विचारत गेली. रंजिताच्या चार जात होत्या. बायांची उत्तरं धडाधड आली. पुरुषांचं अवघड होतं. पंढरी ओट्यावर उघड्या शर्टानं बसला होता.

“मला काय नाय,” तो म्हणाला.

“मंग बटना का नाय लावली?”

“फॅशन हाय.”

“पन्नाशीत?”

आतून त्याची बायको ओरडली, “शाळेची घंटा झाली का लागतात त्याची बटना! त्याच्या आदी मला लावाय सांगतो.”

जनानं लिहिलं : शाळेची घंटा.

दोन दिवसांनी सुयोग आला. त्यानं कागद वाचले, चष्मा पुसला, परत वाचले.

“मावशी, भाकरी हे माप नाही.”

“मंग मिनटा तुमी काडा. घड्याळ तुमच्या हाताला हाय.”

बिचारा धसईला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जनासोबत रुपाच्या दारात हजर. रुपा उठली पाच वाजून दहा मिनिटांनी. त्यानं टिपलं. पाणी झालं, चूल झाली, पीठ उकडून मळून झालं. पहिली भाकर फाटली आणि सवयीनं कुत्र्याकडं गेली.

“ही धरायची का?” सुयोगनं विचारलं.

“कुत्र्याला इचारा,” जना म्हणाली.

दुसरी वाकडी झाली. तिसरी गोल थापली तेव्हा सहा पस्तीस झाले होते.

“पंच्याऐंशी मिनिटं.”

“म्हंजे किती?” रुपानं विचारलं.

“जवळजवळ दीड तास.”

रुपानं भाकर तव्यावर टाकली आणि हात तसाच धरून बसली. “दीड तास? आन मी जरा म्हनत व्हते.”

भाकर करपली.

सुयोगनं चुलीपुढूनच कार्यालयात फोन लावला. वस्ती यादीत राहिली, डॉक्टरीण पुढच्या महिन्यात येणार असं ठरलं. पण एका घरची भाकर दुसऱ्या घराला लागू होत नाही, असं कार्यालयाचं म्हणणं पडलं. प्रत्येक घर घड्याळ लावून मोजायचं. घरं एकेचाळीस.

“अजून चाळीस पहाटा,” सुयोग म्हणाला. मग कागद चाळता चाळता थांबला. “मावशी, तुमचं कुठं आहे?”

“माजा कशाला? मी इचारनारी.”

“ताप तुम्हालाही आला होता ना?”

जनानं हात पदराखाली घेतले. “तीन जातात,” ती म्हणाली. “कदी चार.”

त्यानं लिहून घेतलं.

“आता उठा,” जना म्हणाली. “खालच्या घरचा हनुमान शेतावर गेला तर सांजपातूर गावायचा नाय, आन त्याचे बावीसच्या बावीस प्रस्न बाकी हायत.”

कागद काखोटीला मारून ती बांधावरून पुढं झालीसुद्धा.