घरगाडी आणि भिमाबाईचा रस्ता

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. दोन-तीनदा निघता निघता राहिलं — ऐन वेळी मी दुसरंच काही बोललो, टायरचं, चहाचं. आता लिहितो. तुम्ही समोर नाही आहात, ते बरं आहे.

मी मूळचा मालवणाकडचा. शाळा चौथीत सुटली. पोटामागं फिरत फिरत साठ सालच्या सुमारास यवतमाळला पोचलो आणि एका वकीलसाहेबांकडं ड्रायव्हर म्हणून लागलो. घरापासून इतकं लांब, ओळख ना पाळख. ही नोकरी गेली तर? — ही धास्ती मी उठल्यापासून झोपेपर्यंत बाळगायचो.

वकीलसाहेबांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. पाठीच्या दुखण्यानं त्या अंथरुणाला खिळलेल्या. चालणं नाहीच, बसणं घटकाभर. तर या माणसानं काय करावं? लष्करी लिलावातून एक ट्रेलर घेतला. त्यावर सागवानी खोली बांधून घेतली, वर पत्रा, दोन खिडक्या, आत स्प्रिंगांना टांगलेली खाट. जीपला जोडली की बाईंचं घर निघालं गावोगाव. लोक तिला घरगाडी म्हणायचे. बायकोला जग दिसावं म्हणून घराला चाकं लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

प्रवास काही सुखाचा नसायचा. फटींतून धूळ, दूध दुपारपर्यंत नासलेलं, कापसाच्या बैलबंड्या समोरून आल्या की बैल बुजायचे. ढाणकीच्या अलीकडं एकदा वाऱ्यानं निम्मा पत्रा उचकटला आणि आम्ही तिघांनी वर धोतर ताणून त्याखाली भात खाल्ला. बाई हसत होत्या. मारेगावच्या बाजारात तर लोक दाटीनं जमले. एकानं विचारलं, "काहो भाऊ, आज कोनता शिनेमा हाय?" बाई खिडकीतून म्हणाल्या, "मीच आहे सिनेमा. तिकीट नाही, पाहून घ्या."

मुक्कामावर त्या मला वाचायला बसवायच्या. "विष्णूभाऊ, काना विसरलात," असं म्हणत त्यांनी मला लिहितं केलं. हे अक्षर त्यांचंच आहे — आणि त्याच अक्षरात हे लिहायचं.

लिहितो. मला घरगाडी मागं घेता येत नव्हती.

हसू नका. ट्रेलर मागं घेताना सगळं उलटं असतं — चाक डावीकडं वळवावं तर मागचं घर उजवीकडं जातं, आणि जरा चुकलं की जीप नि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. नोकरी मागताना मी सांगितलं होतं, डेपोत ट्रेलर ओढलेत. साफ खोटं. मग काय, जिथं गोल फिरून निघता येईल तिथंच मी थांबायचो — शाळेचं मैदान, जिनिंगचं आवार, खळं. वकीलसाहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "आमच्या विष्णूला मागं येण्याची वेळच येत नाही, तो आधी विचार करतो." मी मान खाली घालायचो. त्यांना तो विनय वाटायचा.

बाईंचे वडील जंगल खात्यात होते. आई बाळंतपणातच गेलेली. झरी जामणीकडच्या एका कोलाम आदिवासींच्या पाड्यावर भिमाबाई नावाच्या बाईनं त्यांना अंगावर पाजून वाढवलं. म्हातारी अजून होती. तिला एकदा भेटायचं — बाईंनी उभ्या आयुष्यात नवऱ्याकडं एवढं एकच मागितलं असावं. फाल्गुनात पाड्यावर आधी निरोप धाडला आणि निघालो. फाट्यापाशी घरगाडी उभी केली आणि पुढचा रस्ता बघायला मी एकटा चालत गेलो.

दोन्ही बाजूंनी झाडी, जेमतेम एका गाडीची वाट, आणि ती पाड्यापाशी संपणारी. वळायला जागा नाही. मधल्या नाल्याशी भिमाबाईचा मुलगा जंगू माझीच वाट पाहत होता. पाड्यातल्या माणसांनी नाला दगडांनी भरून काढला होता, काटेरी फांद्या तोडल्या होत्या.

"रस्ता केला जी आमी," तो म्हणाला. "बाईले आना. माय सकाळपासून बसून राह्यली."

आणतो म्हणालो. मागं फिरलो.

घरगाडीपाशी येऊन सांगितलं — नाल्यात वाट खचलीय, गाडी जाणार नाही.

पाड्यावरच्या दहा माणसांनी ट्रेलर हातांनी फिरवून दिला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मग दिसलं असतं ना, याला येत नाही म्हणून? वकीलसाहेब एकदा स्वतः पाहून येतो म्हणाले. बाईंनीच अडवलं. "विष्णूभाऊ पाहून आलेत ना? मग झालं." माझ्यावरचा त्यांचा तो विश्वास. वर मला म्हणाल्या, उन्हात चालून आलात, आधी पाणी प्या.

वैशाखात मी एकटाच जीप घेऊन मारेगावच्या बाजाराला गेलो, तिथं मला जंगू दिसला. मी तोंड फिरवलं, पण त्यानं गाठलंच.

"कायले नाही आले जी? माय तीन दिवस नाल्यावर बसली."

"बाईंची तब्येत एकाएकी बिघडली," मी म्हणालो.

त्यानं ते लगेच मानलं. "मंग नाही आनलं थे बरंच केलं, भाऊ," म्हणाला, आणि पळसाच्या पानांची एक पुडी माझ्या हातात दिली. चारोळी होती. त्याच्या आईनं बाईंसाठी स्वतः फोडून ठेवलेली.

पुडी दिली तर बाई विचारतील, जंगू काय म्हणाला. वकीलसाहेब विचारतील, नाला कसा आहे. बाई तेव्हा हयात होत्या, अजून दोन वर्षं होत्या. मी गावाबाहेर जीप थांबवली, सीटवर बसूनच पुडी सोडली आणि शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली.