एनॉक बिडकोम व पत्नी

व्हर्ना बिडकोमने ह्यूऑनच्या खोऱ्यात एकतीस वर्षं सफरचंदं कागदात गुंडाळून पेट्यांत भरली. त्या कामाने बोटं वाकडी झाली आणि नजर तयार झाली. डागी फळ तिच्या नजरेतून सुटत नसे. फळं भरायची ती शेड बंद पडल्यावर ती दर बुधवारी बसने होबार्टला जाऊ लागली, सरकारी दप्तरात आपली खापरपणजी शोधायला.

तिच्या वडिलांच्या काळात हे शोधणंच पाप होतं. तेव्हा टास्मानियात कुणाच्याच घरात कैदी नव्हता. सगळ्यांचे पूर्वज म्हणे स्वखुशीने, तिकीट काढून आलेले. मग इंग्लंडहून जहाजं भरभरून आणलेले ते कैदी काय हवेत विरले? वडिलांनी तर घरच्या बायबलमधलं नावांचं पान कापून चुलीत घातलं होतं. आता वारं फिरलं होतं. ज्याच्या घरात कैदी नाही, तो खट्टू व्हायचा. व्हर्नाचा चुलतभाऊ मर्व्हिन मेंढीचं चित्र छापलेला सदरा घालून हिंडायचा, कारण खापरपणजोबा एनॉक मेंढी चोरल्याच्या शिक्षेवर इथे आला होता.

बिडकोम घराण्याच्या मेळाव्यानंतर एनॉकच्या नावाची शिळा बसवायची होती. मजकूर मर्व्हिनने केला होता: ‘एनॉक बिडकोम, मेंढीचोर, व पत्नी.’

व्हर्ना तडक त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. “पत्नीला नाव होतं, मर्व्हिन. कझाया.”

“माहितीय गं. पण तिच्या कैदेच्या कागदावर काय लिहिलंय? ‘दोन वर्षं धंद्यावर.’ पोरंबाळं वाचणार, पाद्री येणार.”

“आणि मेंढी चोरलेली चालते?”

“मेंढीची लोकांना गंमत वाटते. याची नाही वाटत.”

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुण्या कारकुनाने जहाजावर खरडलेली ओळ, खरी की खोटी देव जाणे, आणि तिच्यापायी दीडशे वर्षांनी कझायाचाच खापरपणतू नाक मुरडतोय. वडिलांनी निदान सगळ्यांनाच लपवलं होतं. यांनी बाप्या तेवढा मिरवला आणि बाई पुसली.

पुढच्या बुधवारी तिने दप्तरातली उरलेली कागदपत्रंही काढायला लावली. त्या दिवशी तिची परतीची बस चुकली.

मेळाव्यात जेवणाआधी हजेरी घ्यायची रीत होती. एनॉकच्या मुलांची नावं थोरल्यापासून पुकारायची, आणि ज्यांची ती शाखा त्यांनी उभं राहायचं. मर्व्हिनने पुकारलं, “थोरला, थॉमस.” चाळीसेक माणसं उठली. मर्व्हिन त्याच शाखेचा, व्हर्नाही.

“बसा सगळे,” व्हर्ना म्हणाली. “आपण एनॉकचे नाही.”

सभागृहात कुणीतरी हसलं. तिने कागद उघडला. “थॉमस जन्मला अठराशे चव्वेचाळीसच्या एप्रिलमध्ये, बायकांच्या तुरुंगात. एनॉकचं जहाज बंदराला लागलं सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत. बापाची जागा कोरी आहे. कझाया शिक्षेपोटी एका जमीनदाराच्या घरी राबत होती. पोट दिसायला लागल्यावर त्याने तिला तुरुंगात परत धाडलं. पोटुशी राहिली म्हणून तिला शिक्षा झाली, सहा महिने धुणी धुण्याची. आणि त्याला दुसरी मोलकरीण मिळाली.”

पुढच्या रांगेतली एनिड आत्या, वय वर्षं नव्वद, गुडघ्यांमुळे उठलीच नव्हती. तिने विचारलं, “मग आपण कुणाचे गं?”

“तिचे, आत्या. तिच्या एकटीचे.”

मर्व्हिन लालेलाल झाला होता. “हे आत्ताच सांगायचं अडलं होतं का तुझं?”

“शिळा सोमवारी कोरायला जातेय, म्हणून आत्ताच.” तिचा आवाज चढला, आणि तिने तो चढू दिला. “थॉमसला तिच्यापासून तोडून अनाथालयात टाकलं होतं. एनॉकशी लग्न झाल्यावर ती पोराला मागायला गेली. दोनदा हाकलली तिला. ती तिसऱ्यांदा गेली, तेव्हा दिला. नसती गेली तर कुणी जाब विचारला नसता, मर्व्हिन. नव्या नवऱ्याबरोबर गप्प संसार करता आला असता तिला. तिला पोराची लाज वाटली नाही. तुला तिची वाटते.”

मर्व्हिनने यादीतलं पुढचं नाव पुकारलं, मग आणखी एकदा पुकारलं. थॉमसच्या शाखेतलं कुणीच खाली बसेना. एनिड आत्याने शेजाऱ्याचा हात धरला आणि तीही उठून उभी राहिली.