वीराचं ओझं

नेपियर टाउनमधले आमचे शेजारी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आहेत. कुणाकडेही गेले की आधी दारातली पिशवी उचलून बघतात, "अच्छा, भारी आहे" म्हणतात आणि मगच बसतात. फासे टाकत, मनातल्या मनात भुयारात शिरून राक्षसांशी लढायच्या जुन्या वळणाच्या खेळाचा नाद आम्हां चौघा मित्रांना त्यांनीच लावला. पण नियमांचं पुस्तक कोणतं घ्यायचं, यावर गाडी महिनोन् महिने अडली. आम्हाला सोपं हवं होतं. त्यांना असं, ज्यात वीराच्या पाठीवरच्या दोराचं, कंदिलाचं, कणकेचंसुद्धा वजन धरतात.

"एवढं लादून कोण चालते, काका?" मी म्हटलं.

"काहून नाही? चलो, दाखवतो."

रविवारी पुस्तकातलं सगळं सामान पोत्यात भरून ते भेडाघाटच्या देवळाच्या पायऱ्या चढू लागले. थोडं चढल्यावर दोर माझ्या गळ्यात आला. "जरा धर, बुटाची नाडी बांधून राहिलो." त्यांच्या पायात चपला होत्या. मग कणीक आली, कंदील आला, लोखंडी पहार आली, शेवटी रिकामं पोतंही आमच्याकडेच आलं. वर पोचल्यावर आम्ही चौघं धापा टाकत होतो. त्यांना घामही नव्हता.

"बघा, पुस्तक बरोबर आहे," ते म्हणाले. "वीर वर पोचला की नाही?"

त्याच पुस्तकावर खेळ सुरू झाला. पात्रं त्यांनीच वाटली. मला हमाल केलं.

"तुला अनुभव आहे," म्हणाले.