एकशेबाराव्या पानावरचा लेख

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना कुणी नमस्कार केला, तरी ते आधी खंड आणि अंक विचारतील, अशी आमची खात्री होती. म्हणून त्यांचं नाव पडलं खंडअंक सर. माणूस बोरीचा. सगळी नोकरी परभणीत गेली, पण ना बोली सुटली, ना खोड.

आम्ही पीएच.डी.वाले संगणकावरच्या सूचीत लेखाचं नाव टाकायचो आणि ‘नाही’ म्हणून चहाला मोकळे व्हायचो. सर मागून यायचे. “लेखाचं नाव टाकून काय करायलाव? लेख अंकाच्या पोटात असतो. आधी नियतकालिक गाठा, मंग खंड, मंग पान.” एवढी उस्तवार कोण करणार? आमच्या विभागात संदर्भसूची विरजणासारखी चालायची. आधीच्या प्रबंधातली थोडी घ्यायची, आपल्यात घालायची, की लागली. मूळ लेख वाचून कुणी कुणाचा अपमान करत नसे.

माझा विषय चारठाण्याची मंदिरं. तिथल्या एका मंदिराचा काळ मी ज्या लेखाच्या आधारावर ठरवला होता, तो मार्गदर्शक सरांच्या प्रबंधातून उचललेला. माझं अख्खं तिसरं प्रकरण त्या एका लेखावर उभं होतं. माझी संदर्भसूची चाळताना खंडअंक सरांचं बोट नेमकं त्यावरच पडलं.

“हा वाचला का ताई?”

“पाहिलाय, सर.”

“कुठं?”

मी सूचीची पानं उलटत बसले. सर मात्र कामाला लागले. लेखकाचं आडनाव तीन तऱ्हांनी टाकून पाहिलं, दुसऱ्या ग्रंथालयांच्या सूच्या चाळल्या, शेवटी ओळखीच्या एका ग्रंथपालाकडून त्या त्रैमासिकाचा अख्खा खंड स्कॅन करून मागवला. आठवड्यानं आले ते लग्नघरच्यासारखे खुशीत.

“ताई, खंड शहाण्णव पानात खतम. तुमचा लेख एकशेबाराव्या पानावर हाय. मधली पानं कुणाच्या घरी छापली?”

मागचे-पुढचे खंडही त्यांनी पाहिले होते. तो लेख जगात नव्हताच. मी मार्गदर्शकांकडे धावले. ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, “माझ्या प्रबंधात आहे ना? मग आहे. तुला सही पाहिजे की संशोधन?”

प्राध्यापकपदाची मुलाखत महिन्यावर होती. पेडगावात वडिलांनी मला आधीच डॉक्टर करून टाकलं होतं. मी सही घेतली.

पदवी मिळाली, नोकरीही. तोवर सर निवृत्त झाले होते. पेढे घेऊन मी बोरीला गेले. काकूंनी ओटी भरली. सरांनी डोक्यावर हात ठेवला, तोंडभरून कौतुक केलं. मी डबा पुढे केला, तर त्यांनी तो हळूच माझ्याकडं सरकवला.

“ऱ्हाऊ द्या ताई. तो लेख घावला की दोन खाईन.”

चिडून बोलले असते तर मी भांडले असते. ते हसत होते. तेवढी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. डबा तसाच घेऊन मी एसटीत बसले, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात वाटला. सगळ्यांनी पेढे आवडीनं खाल्ले.