वकिलाच्या कचेरीतला उखाणा

गावात जुन्या वकिलाची कचेरी लोकांना बघायला पुन्हा जशीच्या तशी उभी केलीय. आत शाईचा वास आला अन् सतरा वर्षांची, रडून डोळे सुजलेली मी समोर दिसले. भावकीच्या भांडणात पोलिसांनी नवऱ्याला उचललेलं, आजच जामीन झाला नाही तर जेल ठरलेली. वकील ओरडले, “बाई, कोर्ट उठून राहिलं, मालकाचं नाव सांग!” “न्हाई घेता येत, साहेब.” “मग सडू दे त्याला आत!” शेवटी त्या येडीनं पदर सावरून चक्क उखाणा घेतला, “टेबलावर दौत, दौतीत शाई, अमुकरावांसाठी करा हो घाई!” अमुकरावांच्या जागी खरं नाव घेतलं, अन् जामीन झाला. परवा त्याच दारातून माझ्या म्हाताऱ्याला नावानं मोठ्यानं हाक मारली. ऐकतोय कुठं? ठार बहिरा झालाय.